बळवंतमामा आणि मित्रराष्ट्राचं ठाणं

माझे मामा बळवंत ओगले यांनी ग्वाल्हेरच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख आणि क्रमांक टाकायचा, तो योग्य टेबलावर पोचवायचा, आणि बाहेर गेलेल्या कागदाचीही तशीच नोंद ठेवायची. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही, असं त्यांचे सहकारी सांगत. मामा स्वतः ते कधी बोलत नसत, पण दुसरं कुणी बोलू लागलं की मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेत.

निवृत्तीनंतर थाटीपुरातल्या घरात त्यांचं काही जमेना. "आवक दुधाची, जावक कचऱ्याची. मी मध्ये काय करू, सांग," असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मग ते लग्नाच्या पत्रिकांवर क्रमांक टाकू लागले. इंदुमामीनं तीन महिने पाहिलं आणि सांगितलं, "कुठेही जा, पण रोज जा. डबा मी देईन."

त्याच सुमारास मोरारच्या रस्त्यावर, संभाजीरावांच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांना पाटी लागली: 'नागरिक सेवा एवं मैत्री केंद्र'. खाली एक कागद चिकटवला होता, की कार्यालयीन कामाचा अनुभव असलेली प्रामाणिक व्यक्ती पाहिजे. मामा जिना चढून गेले आणि अर्ध्या तासानं 'अभिलेख अधिकारी' होऊन खाली आले.

केंद्र एका परक्या देशाचं होतं. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जो सरकारी पत्रव्यवहार झाला त्यात सगळीकडे 'एक मित्रराष्ट्र' एवढाच उल्लेख होता, आणि आमच्या घरातही तेच नाव पडलं. मामी भाजी निवडताना विचारायची, "आज मित्रराष्ट्रात काय विशेष?"

केंद्राचे प्रमुख होते कॅप्टन तोमार. पंचेचाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. ते त्यांच्या देशाच्या पोलिसात होते, पण हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. हिंदी ते पुस्तकातून शिकले होते. "कृपया आसन ग्रहण कीजिए," ते म्हणाले, आणि मामांना वाटलं आपण कुठल्या तरी पूजेला आलोय. भिंतीवर त्यांचा झेंडा, त्यांच्या अध्यक्षांची तसबीर आणि कपाटात बारा प्रकारचे शिक्के. शिक्के पाहून मामा विरघळले.

आमच्या भागात तोमर आडनावाची गावंच्या गावं आहेत. त्यामुळे कॅप्टन परदेशी आहेत हे मोहल्ल्यात कुणाला खरं वाटेना. रंग गोरा होता, पण तोमरांत गोरे असतात. बोली शुद्ध होती, पण बाहेर शिकलेल्यांची असते. "मुरैन्याकडचे का?" लोक शेजारच्या जिल्ह्याचं नाव घेऊन विचारत. कॅप्टन नम्रपणे सांगत, की नाही, आणखी उत्तरेकडचे. मग लोक म्हणत, अच्छा, भिंडचे.

केंद्राचं जाहीर काम होतं मित्रराष्ट्राच्या विद्यार्थ्यांचे वाहन परवाने नवे करून देणं. असे विद्यार्थी ग्वाल्हेरात अकरा होते. नऊ जणांना गाडी चालवता येत नव्हती आणि दोघांकडे सायकली होत्या. कॅप्टननी सायकलींचे परवाने काढले. मामांनी त्यांवर क्रमांक टाकले. दुसऱ्या आठवड्यात काम संपलं.

पण पोलिसाला रिकामं बसवत नाही. एका सकाळी कॅप्टन शिट्टी घेऊन खालच्या चौकात उभे राहिले. टोपी पाहून टमटमवाले थांबले. थाटीपुराच्या त्या चौकात टमटम थांबलेली लोकांनी पहिल्यांदा पाहिली. चार दिवसांनी समोरच्या सुलोचनाबाईंचा गॅसचा सिलिंडर चोरीला गेला. त्या थान्यात दोनदा जाऊन आल्या होत्या, तिथे त्यांना 'देखते हैं' एवढं मिळालं होतं. त्या सहज जिना चढून वर गेल्या. कॅप्टननी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं, आणि मामांनी क्रमांक टाकून, शिक्का मारून पावती दिली. पाचव्या दिवशी सिलिंडर सापडला. तो त्यांच्या दिरांच्या घरी होता.

त्यानंतर जिन्यावर रांग लागू लागली. स्कूटर, पाण्याची मोटर, शेजाऱ्याचा कुत्रा, सुनेचं बोलणं. दिवाळीपर्यंत एकशे बारा तक्रारी झाल्या आणि एकशे बाराही तक्रारींना लेखी उत्तर गेलं. बहुतेक उत्तरं 'खेद है, आपकी भैंस नहीं मिली' अशीच होती, पण त्यावर शिक्का असे. लोक ती घडी करून जपून ठेवत. मामांचं वजन दोन किलो वाढलं.

हे सगळं कुणाच्या परवानगीनं चाललंय, असं कुणीच विचारलं नाही. मीही नाही. माझा मोबाईल हरवल्याची तक्रार मी स्वतः तिथेच नोंदवली होती. क्रमांक चौऱ्याऐंशी.

डिसेंबरात मिरेला आली.

ती त्या अकरांपैकी एक. चोवीस वर्षांची, इथे ख्याल गायकी शिकायला आलेली. कॅप्टननी तिला चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. मामांना वाटलं, सायकलीचा काही प्रश्न असेल. पण कॅप्टननी दार लावून घेतलं, निळी फाईल काढली आणि मामांना साक्षीदार म्हणून बाजूला बसायला सांगितलं.

बोलणं त्यांच्या भाषेत चाललं होतं. कॅप्टनचा आवाज एकदाही चढला नाही. मग त्यांनी मेजावर मोबाईल उभा केला. पडद्यावर एक म्हातारा माणूस दिसला, कुठल्या तरी कचेरीत बसलेला. त्याच्या खांद्यामागे गणवेशातल्या कुणाचा तरी अर्धा हात दिसत होता. म्हातारा एक वाक्य बोलला. थांबला. पुन्हा तेच बोलला. तिसऱ्यांदा बोलताना तो खाली पाहत होता, आणि मामांच्या लक्षात आलं, की तो कागदावरचं वाचतोय. मामांना भाषा कळत नव्हती, पण कागद वाचणारा माणूस कसा दिसतो हे त्यांना कळत होतं.

फोन बंद झाल्यावर कॅप्टननी एक छापील कागद मिरेलापुढे ठेवला आणि मामांना म्हणाले, "ओगले जी, क्रमांक दीजिए."

मामांनी कागद हातात घेतला. वर हिंदीतही लिहिलं होतं: स्वेच्छा से स्वदेश वापसी का निवेदन. त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते. मग आयुष्यात पहिल्यांदा ते कामाबाबत खोटं बोलले.

"साहेब, आज जावक बंद झाली."

कॅप्टन नियमाचे पक्के होते. जावक बंद झाली म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. तशी घाईही नव्हती, निवेदनाला पंधरा दिवसांची मुदत होती. त्यांनी मिरेलाला पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

जिन्यात मामांनी तिला गाठलं. तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं ते असं. वसतिगृहाच्या एका कार्यक्रमात तिनं आपल्याकडचं लोकगीत म्हटलं होतं. गाण्यात एक बाई विचारते, की नदी कुठे गेली. त्यांच्या गावची नदी अध्यक्षांच्या भावाच्या कारखान्यानं आटवली होती, पण सरकारी नकाशात ती अजून वाहत होती, म्हणून ती कुठे गेली असं विचारणं हा तिकडे गुन्हा होता. गाणं कुणीतरी मोबाईलवर टिपलं. आता तिनं 'स्वेच्छेनं' परत यायचं होतं. तोवर वडील त्या कचेरीत बसून राहणार होते.

"ते काय वाचत होते?" मामांनी विचारलं.

"की ये, इथे हवा छान आहे," ती म्हणाली.

मामा घरी आले आणि ताट पुढे ठेवलेलं असताना नुसते बसून राहिले. मामीनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे ते पोलीस आहेत," मामी म्हणाली.

"हो."

"आपल्याकडचे?"

"नाही. त्यांच्याकडचे."

"मग इथे कसे? कुणाच्या परवानगीनं?"

मामांनी ताट बाजूला सरकवलं. "सगळी आवक माझ्याकडून जाते," ते म्हणाले. "त्यात परवानगी कुठे नाही."

मामीनं आमटी परत गरम करायला नेली. आतून ती म्हणाली, "आणि तुम्ही सहा महिने शिक्के मारताय."

दुसऱ्या दिवशी मामा जवळच्या थान्यात गेले. तिथले प्रभारी संग्रामसिंह यांनी त्यांचं नीट ऐकून घेतलं. मी सोबत होते. मामांनी सांगितलं, की साहेब, आपल्या हद्दीत एक परकं पोलीस ठाणं चालू आहे.

"तोमर साहब का?" संग्रामसिंह म्हणाले. "अच्छे आदमी हैं. आमच्याकडच्या तक्रारी निम्म्या झाल्या."

"पण ते विदेशी पोलीस आहेत."

संग्रामसिंहांनी कायद्याचं पुस्तक काढलं. ते खरंच कष्टाळू होते. त्यांनी दहा मिनिटं पानं उलटली आणि मग समजावून सांगितलं. पोलीस नसताना पोलीस असल्याचं सोंग आणणं हा गुन्हा आहे. पण हा माणूस सोंग आणत नाही, तो खरोखरच पोलीस आहे. आपला नाही, एवढंच. तेव्हा त्याला खोटा पोलीस म्हणून पकडता येत नाही, आणि खऱ्या पोलिसाला पकडायचं तर त्याच्या वरिष्ठांना कळवावं लागतं.

"त्याचे वरिष्ठ तर तिकडे आहेत," मामा म्हणाले.

"तीच तर अडचण आहे," संग्रामसिंह म्हणाले.

तरी त्यांनी एक हवालदार चौकशीला पाठवला. त्याचा अहवाल आला: सदर ठिकाणी तोमर नावाचे गृहस्थ भाड्याने राहतात. वर्तणूक चांगली. कोणतीही विदेशी व्यक्ती आढळून आली नाही.

मग मामा घरी बसले आणि त्यांनी सरकारला रीतसर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय. दीड पान. खाली नऊ प्रती: जिल्हा, भोपाळ, दिल्ली आणि त्यांच्या मधली जी जी खाती त्यांना पाठ होती ती सगळी. जिल्ह्याच्या कचेरीत त्यांच्या हाताखाली शिकलेला हेमेंद्र होता. त्यानं पत्र वाचून कपाळाला हात लावला. "दादा, हे माझ्या टेबलावरचं नाही. हे परराष्ट्राचं आहे. आमच्याकडे परराष्ट्र म्हणजे फार तर उत्तर प्रदेश."

"तू फक्त क्रमांक टाक," मामा म्हणाले. "बाकी ते आपोआप चालतं."

आणि ते चाललं. इतक्या झपाट्यानं चाललं, की मामाही चकित झाले. त्याचं कारण पुढे कळलं. कुठल्याच टेबलावर कुणीही त्याचं काही केलं नव्हतं. प्रत्येकानं ते बघितल्याबरोबर पुढे ढकललं होतं. नवव्या दिवशी मामा केंद्रात बसले असताना टपाल आलं. सरकारी लिफाफा होता. पत्ता: प्रभारी, नागरिक सेवा एवं मैत्री केंद्र, थाटीपुर. आत लिहिलं होतं, की आपल्या कार्यालयाविरुद्ध श्री. ब. गु. ओगले यांची तक्रार प्राप्त झाली आहे, तरी आपले अभिप्राय सात दिवसांत पाठवावेत. तक्रारीची प्रत सोबत जोडली होती.

मामांनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि ते कॅप्टनपुढे नेऊन ठेवलं.

कॅप्टननी वाचलं. "ये ओगले कौन हैं?"

"मीच, साहेब."

कॅप्टननी पुन्हा वाचलं. मामांना वाटलं, आता ते ओरडतील, किंवा त्यांना बाहेर काढतील. पण कॅप्टनचं लक्ष तक्रारीकडे नव्हतंच. ते लिफाफ्याकडे पाहत होते. त्यावरची राजमुद्रा त्यांनी बोटानं चाचपली. मग ते उभे राहिले आणि मामांचा हात हातात घेतला. सहा महिने ते इथे होते, आणि भारत सरकारनं त्यांना आज पहिल्यांदा पत्र लिहिलं होतं. पदनामासकट. पत्त्यासकट.

"उत्तर कौन लिखेगा?" त्यांनी विचारलं.

"पत्रव्यवहार माझ्याकडे आहे," मामा म्हणाले.

म्हणून स्वतःच्या तक्रारीला उत्तर मामांनी स्वतःच लिहिलं. त्यांनी त्यात एक शब्दही खोटा घातला नाही. 'श्री. ओगले यांच्या तक्रारीतील सर्व मुद्दे तपासले असता ते सत्य आढळले. हे केंद्र विनापरवानगी चालू असून येथे पोलिसी कामकाज होते.' कॅप्टननी ते वाचलं, भाषेचं कौतुक केलं आणि सही केली. आलेलं पत्र त्यांनी पडावाच्या बाजारात नेऊन फ्रेम करून आणलं आणि अध्यक्षांच्या तसबिरीखाली लावलं.

दिल्लीत काय झालं ते आम्हाला हेमेंद्रकडून कळलं. त्याला ते भोपाळच्या कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हा त्यात मीठमसाला असेल. मित्रराष्ट्राच्या राजदूतांना बोलावून जाब विचारला गेला. ते म्हणाले, की केंद्रात तर फक्त परवाने नवे करून देणारे स्वयंसेवक आहेत. तरीही आक्षेप असेल तर आश्चर्य आहे, कारण तुमचंच सरकार त्या केंद्राशी पत्रव्यवहार करतंय, आणि ज्याच्याशी सरकार पत्रव्यवहार करतं त्याला मान्यता नाही असं कसं म्हणता येईल. त्यांनी फ्रेमचा फोटो दाखवला.

त्याच दिवशी कडक हुकूम निघाला. सदर केंद्राला कोणत्याही खात्यानं कोणतंही पत्र पाठवू नये. पाठवल्यास मान्यता दिल्यासारखं होईल. याचा अर्थ असा, की केंद्र बंद करण्याचा आदेशही पाठवता येणार नव्हता.

यावर एक समिती आली. तिला केंद्र पाहायचं होतं, पण आत पाऊल टाकायचं नव्हतं, कारण तेही मान्यता दिल्यासारखंच झालं असतं. तीन अधिकारी दोन दिवस समोर सुलोचनाबाईंच्या ओट्यावर बसले. कॅप्टननी पाहुणे पाहून वरून चहा पाठवला. तो घ्यावा की नाही यावर त्यांची बरीच चर्चा झाली. अखेर चहा सुलोचनाबाईंच्या कपांत ओतून घेतला, म्हणजे तो भारतीय झाला. समितीनं शिफारस केली, की निगराणी ठेवावी. म्हणून जिन्यापाशी दोन शिपाई बसवले गेले. आठवड्याभरात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची रांग लावू लागले. पोलीस पहाऱ्यामुळे केंद्राची पत वाढली. पार हजीऱ्याच्या वस्तीतून लोक तक्रारी घेऊन येऊ लागले.

पण मिरेलाची तारीख समितीच्याही आधी येऊन ठेपली होती. सरकारचं पत्र फ्रेममध्ये गेलं तेव्हा हातात जेमतेम चार दिवस उरले होते. ती दोनदा आमच्या घरी आली. दुसऱ्या वेळी तिनं मामांना सांगितलं, की मी सही करून टाकते, वडिलांना आता बसवत नाही.  त्या दिवशी मामा थाटीपुरापासून मोरारपर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. आल्यावर मामीला म्हणाले, "एखाद्या कागदाला पोचूच नये असं वाटणं, हे मला नवीन आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅप्टनपुढे विषय काढला.

"साहेब, आता सरकार आपल्याला पत्र लिहितं. मग सरकारला न विचारता इथून माणूस परत पाठवणं बरं दिसेल का? आधी अनापत्ती मागावी, सरकारची हरकत नाही असं लेखी घ्यावं."

कॅप्टन विचारात पडले. फ्रेमकडे पाहिलं. "उचित है," ते म्हणाले.

"मूळ फाईल जोडावी लागते. नकल चालत नाही."

हे खरंच होतं. ग्वाल्हेरच्या कुठल्याही कचेरीत नकल चालत नाही. निळी फाईल, छापील निवेदन, साक्षीदाराचा कागद, सगळं मामांनी टाचून एका लिफाफ्यात घातलं. पत्ता बरोबर लिहिला, पिनकोडसकट. फक्त सरळ दिल्लीला न पाठवता 'उचित माध्यमातून' पाठवलं: आधी थाना, मग जिल्हा, मग तीन खाती, मग भोपाळ. कुठली फाईल कुठल्या टेबलावर किती विसावते, हे त्यांना स्वतःच्या नाडीसारखं माहीत होतं. 

फाईल नसताना कॅप्टननी मिरेलाची सही घेतली नाही. नियमात बसत नव्हतं.

आणि मग सरकारनं असं काही केलं, जे मामांच्याही हिशेबात नव्हतं. फाईल तिसऱ्या टेबलावर पोचली तेव्हा तिथल्या कुणीतरी ती उघडली. त्यात मिरेलाचं नाव होतं. केंद्राला पत्र लिहायला बंदी होती, पण मिरेलाला लिहायला बंदी नव्हती. म्हणून तिला आदेश आला: सदर प्रकरणी आपण संबंधित पक्ष असून चौकशी पूर्ण होईपर्यंत ग्वाल्हेर जिल्हा सोडून जाण्यास आपणास मनाई आहे. दर महिन्याच्या एक तारखेला थान्यात हजेरी द्यावी.

मिरेलानं ते वाचलं आणि ती रडू लागली. तिला वाटलं, आता हेही पोलीस मागे लागले. मामांनी तिला तीनदा समजावून सांगितलं, की मुली, तुला कुणी परत नेऊ शकत नाही. सरकारनं तुला अडवलंय. आणि चौकशी पूर्ण कधी होते, तर कधीच होत नाही.

कॅप्टननी तो आदेश वाचला आणि आपल्या राजधानीला कळवलं, की यजमान सरकारची मनाई आहे, माझा इलाज नाही. तिकडच्यांचाही इलाज नव्हता. मुलगी 'स्वेच्छेनं' येऊ शकत नसेल तर बापाला बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता. महिन्याअखेर त्याचा फोन आला, स्वतःच्या घरून. पहिलं वाक्य तो म्हणाला, की इथे भयंकर थंडी आहे, छपरावर चार हात बर्फ साचलंय. मिरेला ते आम्हाला सांगताना हसत होती.

केंद्राचा प्रश्न मात्र तसाच होता. शेवटी कुणाला तरी सुचलं, की परराष्ट्राला पत्र लिहायचं नाही ना, मग घरमालकाला लिहा. संभाजीरावांना नोटीस आली, की आपला जिना आगीच्या दृष्टीनं धोक्याचा असून तो सील करण्यात येत आहे. एका सकाळी माणसं आली, जिन्याच्या दाराला टाळं आणि लाख लावून गेली. कॅप्टन वर होते. आदेशात जिना होता, खोल्या नव्हत्या. पहाऱ्यावरच्या दोघा शिपायांनी कुठून तरी शिडी आणली आणि ती धरून ठेवली. पुढचे आठ दिवस केंद्र शिडीनं चाललं. ज्यांना चढवत नसे ते तक्रार टोपलीत घालत आणि टोपली वरून दोरीनं ओढली जाई. मामा साठी ओलांडलेले, पण आठही दिवस वेळेवर शिडी चढले.

"राजीनामा का नाही देत?" मी विचारलं.

"सतरा तक्रारींची उत्तरं राहिली आहेत," ते म्हणाले.

नवव्या दिवशी मित्रराष्ट्रानं कॅप्टनना परत बोलावलं. बढती देऊन. दिल्लीतून एका ओळीचं निवेदन निघालं. ते मामांनी मला दोनदा वाचायला लावलं, कारण त्यांना वाटलं आपल्याला नीट दिसत नाही: 'असे कोणतेही केंद्र अस्तित्वात नव्हते व ते आता बंद करण्यात आले आहे.'

कॅप्टनना निरोप द्यायला सकाळी स्टेशनवर मोहल्ल्यातली तीस-चाळीस माणसं आली होती. सुलोचनाबाईंनी पुरी-भाजीचा डबा आणला होता. संग्रामसिंह गणवेशात आले होते, कॅप्टन खरोखर जातात की नाही हे पाहून अहवाल द्यायला. तरी त्यांनीही हार आणला होता. मामा जरा लांब उभे होते. कॅप्टनच त्यांच्याकडे आले.

"ओगले जी, मैं बुरा आदमी नहीं हूँ," ते हळू आवाजात म्हणाले. "मैंने केवल आदेश का पालन किया."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "मीही तेच केलं, चौतीस वर्षं. त्या दिवशी त्या म्हाताऱ्याला पाहिलं आणि मला माझीच भीती वाटली."

एरवी मामा कॅप्टनशी हिंदीत बोलत, हे मात्र मराठीत बोलले. कॅप्टनना कळलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मामांचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि मग विचारलं, "वह फ़ाइल?"

"प्रक्रियेत आहे," मामा म्हणाले.

गाडी सुटली. सुलोचनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मामांनी कुणाशी न बोलता सायकल काढली.

त्यानंतर महिनाभर ते फार उदास होते. आपण चांगलं केलं असं त्यांना कुणी म्हटलं की चिडत. मोहल्ल्यातली निम्मी माणसं त्यांच्यावर रागावलेली होती, कारण चौकात पुन्हा टमटम उलट्या बाजूनं येऊ लागल्या होत्या आणि थान्यात पुन्हा 'देखते हैं' सुरू झालं होतं. "चांगलं चाललं होतं ते बंद पाडलं," असं सुलोचनाबाई तोंडावर म्हणाल्या. मामांनी त्यांना मिरेलाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "ते वाईटच. पण सिलिंडर तर मिळाला होता ना." 

मिरेला इथेच आहे. दर एक तारखेला थान्यात सही करते. संग्रामसिंहांची मुलगी तिच्याकडे सरगम शिकू लागली आहे. सहा महिन्यांतून एकदा कुठल्या तरी खात्याकडून मामांना पत्र येतं, की सदर प्रकरणी आणखी काही सांगायचं आहे काय. मामा प्रत्येक वेळी आणखी काहीतरी सांगतात, म्हणजे चौकशी पुढे चालू राहते.

गुरुवारी मिरेला जेवायला येते. मामीनं पहिल्यांदा तिला थालीपीठ वाढलं तेव्हा तिनं डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाली, की आमच्या गावी अगदी अशीच जाड भाकरी करतात, फक्त तिला चव जास्त असते. तेव्हापासून दर गुरुवारी मामी थालीपीठात काहीतरी नवीन घालून बघते आणि मिरेला प्रामाणिकपणे मान हलवते, की अजून नाही.